बावीसचे दोन निकाल : नागपूरचे विज्ञान महाविद्यालय आणि प्राध्यापक श्रीखंडे

१९२३ पर्यंत वऱ्हाडातला मुलगा मॅट्रिक झाला, की त्याची ट्रंक बडनेऱ्याच्या फलाटावर यायची. अमरावतीत कापसाची मोठी बाजारपेठ होती, नामांकित वकील होते आणि १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरवण्याइतकी राजकीय जागही होती. पदवीपर्यंत शिकवणारे महाविद्यालय मात्र नव्हते. पुढे शिकायचे तर एक गाडी पश्चिमेला मुंबई-पुण्याकडे जाई आणि दुसरी पूर्वेला नागपूरकडे. विज्ञानाची ओढ आणि घरची ओढाताण दोन्ही असतील, त्याला नागपूर सोयीचे पडे. तिथे १९०६ पासून व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स चालू होते.

आजची नागपूरची शासकीय विज्ञान संस्था ती हीच. तिच्याआधी नागपुरात हिस्लॉप कॉलेज (१८८३) आणि मॉरिस कॉलेज (१८८५) निघाले होते, पण केवळ विज्ञानासाठी काढलेले सरकारी महाविद्यालय या भागात प्रथमच आले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला होता. त्यामुळे सागर-जबलपूरपासून बुलढाणा-यवतमाळपर्यंतच्या मुलांना हे महाविद्यालय आपलेच होते. नागपूरचे कृषी महाविद्यालयही त्याच १९०६ सालचे. एकाच शहरात, एकाच वर्षी विज्ञान आणि शेती या दोन शाखांची दारे उघडली. त्या दोन शाखांची गाठ पुढे गणिताच्या एका प्रश्नात पडणार होती.

सुरुवातीला इथल्या विद्यार्थ्यांच्या पदव्या अलाहाबाद विद्यापीठाच्या असत. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले आणि परीक्षा घरी आल्या. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले तेही त्याच वर्षी. स्वातंत्र्यानंतर ते विदर्भ महाविद्यालय झाले. आज ती शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. नागपूर आणि अमरावती ही एकाच सरकारी शिक्षणसेवेतली दोन ठाणी होती. प्राध्यापकांची बदली एकीकडून दुसरीकडे होई. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे वा. वि. मिराशी १९४७ ते १९५० या काळात अमरावतीला प्राचार्य होते. कलचुरी आणि वाकाटक राजांच्या कोरीव लेखांवरचे त्यांचे ग्रंथ आजही अभ्यासकांना वापरावे लागतात. तासाला वर्गावर जाणारा सरकारी प्राध्यापक आपल्या विषयात मूळचे काम करू शकतो, हे या सेवेत अनेकांनी दाखवले. गणितात ते सर्वांत ठळकपणे दाखवले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनी.

सागरचा विद्यार्थी

श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. सागर आज मध्य प्रदेशात आहे. गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून तिथे मराठी घरे रुजलेली. श्रीखंडे यांचे मोठे कुटुंब साध्या परिस्थितीतले होते, आणि मुलाचे शिक्षण शिष्यवृत्त्यांच्या आधारावर झाले. सागरला विद्यापीठ निघाले ते १९४६ मध्ये, हरिसिंग गौर यांच्या देणगीतून. त्याआधी गणितात ऑनर्स करायचे तर नागपूर गाठावे लागे. श्रीखंडे यांनीही तेच केले. नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातून बी.एस्सी. ऑनर्सला ते पहिले आले आणि सुवर्णपदक मिळवले.

पदक मिळाले म्हणून नोकरी मिळाली असे झाले नाही. मधल्या काळात ते कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकायला गेले. तिथे त्यांना राज चंद्र बोस भेटले. बोस मूळचे भूमितीचे. महालनोबिसांनी त्यांना सांख्यिकीत ओढून आणले होते, आणि १९३९ साली बोसांनी प्रयोगांच्या आखणीवर एक पायाभूत निबंध प्रसिद्ध केला होता. शेतावरच्या प्रयोगाची मांडणी हा भूमितीचाही प्रश्न आहे, हे श्रीखंडे बोसांकडून शिकले. पुढे जबलपूरला काही काळ शिकवून ते आपल्या नागपूरच्या महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले.

वऱ्हाडातल्या वाचकाला शेताचे उदाहरण चटकन कळेल. समजा, पऱ्हाटीचे पाच वाण आहेत आणि त्यांतला सर्वांत चांगला निवडायचा आहे. शेत एकसारखे कधीच नसते. एका बाजूला उतार असतो आणि ओल खाली साचते. धुऱ्याकडची माती वेगळी, मधली वेगळी. एक वाण नेमका सखल बाजूला पडला, तर त्याचे जास्त उत्पन्न वाणाचे की ओलीचे, हे कसे कळणार? यावरचा उपाय असा, की शेताचे पाच बाय पाच म्हणजे पंचवीस तुकडे करायचे आणि प्रत्येक आडव्या ओळीत व प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक वाण एकदाच येईल अशी पेरणी करायची. मग उतार कोणत्याही बाजूला असो, सगळ्या वाणांना तो सारखाच भोगावा लागतो. या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड कृषी संशोधन केंद्रात ती शेतीच्या प्रयोगात रुळवली.

आता वाणांबरोबर खतेही पाच असली तर? वाणांचा एक लॅटिन चौरस, खतांचा दुसरा, आणि एकावर एक ठेवल्यावर प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी गाठ बरोबर एकदाच पडावी. तीन बाय तीनचे असे चौरस कोणीही कागदावर करून पाहू शकतो. पहिल्या ओळीत क१, ख२, ग३. दुसरीत ख३, ग१, क२. तिसरीत ग२, क३, ख१. नऊ खाने, नऊ वेगळ्या जोड्या. चार आणि पाचलाही असे चौरस जमतात. सहाला मात्र जमत नाहीत.

ऑयलरची पावणेदोनशे वर्षे

लेओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात हाच प्रश्न लष्करी वेशात मांडला होता. सहा पलटणींतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे असे छत्तीस अधिकारी घ्यायचे आणि ते सहा बाय सहाच्या चौकोनात असे उभे करायचे, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण एकदाच आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. ऑयलरना ते जमले नाही. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी आणखी पुढचे भाकीत केले : सहाच काय, दहा, चौदा, अठरा, बावीस, म्हणजे चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याच आकाराला असे चौरस मिळणार नाहीत.

सहाबद्दल ते बरोबर होते. १९०० च्या सुमारास गास्तों तारी या हौशी फ्रेंच गणितज्ञाने सगळ्या शक्यता हाताने तपासून तसे सिद्ध केले. दहाचा प्रश्न मात्र कोणालाच सुटेना. शक्यता इतक्या, की हाताने तपासणे अशक्य. अमेरिकेत संगणक आल्यावर त्यावरही शोध झाला आणि तो निष्फळ ठरला. बहुतेकांनी धरून चालले, की ऑयलर म्हणाले ते खरेच असणार.

१९४७ मध्ये श्रीखंडे नागपूर सोडून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपेल हिल या गावी, पीएच.डी.साठी गेले. तिथला गणिती सांख्यिकी विभाग हॅरल्ड होटेलिंग यांनी उभा केला होता. १९४९ मध्ये बोसही तिथे आले आणि कलकत्त्यात सुरू झालेला अभ्यास पुन्हा जोडला गेला. १९५० साली श्रीखंडे यांना पीएच.डी. मिळाली. त्याच वर्षी त्यांनी एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

तो असा. प्रयोगात जितके वाण तितकेच गट करायचे, प्रत्येक गटात सारख्याच संख्येने वाण ठेवायचे आणि कोणतेही दोन वाण ठरावीक वेळा एकत्र यावेत अशी मांडणी हवी. वाणांची संख्या सम असेल, तर गटातील वाणांच्या संख्येतून एकत्र येण्याचा आकडा वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरला पाहिजे. नाही उरला, तर अशी मांडणी असूच शकत नाही. बावीस वाण घ्या, सात-सातचे बावीस गट करा आणि प्रत्येक जोडी दोनदा एकत्र यावी अशी अट घाला. बेरीज-गुणाकार जुळतो : प्रत्येक वाणाच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी बेचाळीस भेटी येतात. पण सातातून दोन गेले की पाच उरतात, आणि पाच हा वर्ग नाही. म्हणून ही मांडणी अशक्य. शेतात महिनोन्‌महिने घाम गाळून जे कळले नसते, ते वजाबाकीच्या एका ओळीने सांगितले. फ्रान्समध्ये शुट्झेनबर्गर यांनी वर्षभर आधी स्वतंत्रपणे हेच शोधले होते. पुढे ब्रुक, रायझर आणि चौला यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मोठ्या सिद्धांतात या नियमाला जागा मिळाली.

पीएच.डी.नंतर श्रीखंडे नागपूरच्या त्याच महाविद्यालयात परतले. परदेशी पदवीच्या जोरावर मोठ्या शहरातली जागा न पाहता सरकारी महाविद्यालयाच्या वर्गावर पुन्हा उभे राहणे ही त्यांची निवड होती, आणि तिचे मोल संस्थेच्या इतिहासाने मोकळेपणाने नोंदवले पाहिजे. पुढच्या काही वर्षांत त्यांचे निबंध भारतातल्या ‘संख्या’ या नियतकालिकात, अमेरिकेतल्या ‘बायोमेट्रिक्स’मध्ये आणि कॅनडाच्या गणित नियतकालिकात येत राहिले.

१९५८ मध्ये ते पुन्हा चॅपेल हिलला गेले, तोवर हवा बदललेली होती. रेमिंग्टन रँड कंपनीच्या युनिव्हॅक विभागात काम करणारे अर्नेस्ट पार्कर यांनी एकवीस आकाराचे परस्पर जुळणारे चौरस बांधून एक जुने अनुमान खोटे ठरवले होते. ते अनुमान मॅकनीश यांचे, ऑयलरच्या अनुमानाचे भावंड. बोस आणि श्रीखंडे यांच्या लक्षात आले, की एक भिंत पडू शकते तर दुसरीही पडेल. त्यांनी पार्करची युक्ती घेऊन ती व्यापक केली, आणि पहिला आकार हाती लागला तो बावीस.

बावीसची रचना सांगण्याजोगी आहे, कारण तिचा पाया एका शाळकरी कोड्यात आहे. १८५० साली टॉमस कर्कमन यांनी विचारले होते : पंधरा मुली सात दिवस रोज तीन-तीनच्या रांगा करून फिरायला जातात. कोणत्याही दोन मुली आठवड्यात एकदाच एका रांगेत याव्यात, तर रांगा कशा कराव्यात? हे कोडे सुटते. रोज पाच रांगा, सात दिवसांच्या पस्तीस. आता सात दिवसांनाही सात नवीन माणसे समजा आणि सोमवारच्या प्रत्येक रांगेत ‘सोमवार’ उभा करा, मंगळवारच्या रांगेत ‘मंगळवार’, याप्रमाणे. पंधरा मुली आणि सात वार मिळून बावीस झाले. तीनच्या पस्तीस रांगा चारच्या झाल्या. शेवटी सात वारांची स्वतःची एक रांग. या बावीसांतल्या कोणत्याही दोघांची गाठ आता बरोबर एकदाच पडते. तपासून पाहा : चारच्या रांगेत सहा जोड्या, म्हणून पस्तीस रांगांत दोनशे दहा; सातच्या रांगेत एकवीस. एकूण दोनशे एकतीस, आणि बावीसांच्या जोड्याही तितक्याच. चार आणि सात या आकारांचे जुळणारे चौरस आधीपासून माहीत होते. ते या रांगांवर रचून बावीसचे दोन चौरस उभे राहिले. हेच ऑयलरच्या मते अशक्य होते.

१९५० मध्ये ज्या बावीसबद्दल त्यांच्या नियमाने ‘नाही’ असा निकाल दिला, त्याच बावीसने १९५९ मध्ये ‘आहे’ म्हटले. अशक्य काय हे सिद्ध करण्याची शिस्त ज्याच्याकडे होती, त्याच्याकडेच शक्य काय हे शोधण्याची नजरही होती.

पार्कर यांनी लगेच दहाचा चौरस काढून दाखवला. मग तिघांनी मिळून सिद्ध केले, की सहाहून मोठ्या अशा प्रत्येक आकाराला जुळणारे चौरस मिळतात. म्हणजे ऑयलरचे भाकीत दोन आणि सहा हे आकार सोडून सगळीकडे चुकले होते. एप्रिल १९५९ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन गणित परिषदेच्या सभेत ही बातमी जाहीर झाली, आणि २६ एप्रिलला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. तिघांना ‘ऑयलर्स स्पॉइलर्स’ हे नाव चिकटले. नोव्हेंबरच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या मुखपृष्ठावर दहा बाय दहाचा चौरस रंगांत छापला गेला. नागपूरच्या सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या माणसाचे काम जगभरच्या वर्तमानपत्री वाचकांपुढे गेले.

त्याच १९५९ साली श्रीखंडे यांचा आणखी एक निबंध आला, आणि गणितज्ञांना त्यांचे नाव आज त्यामुळेच अधिक परिचित आहे. चार बाय चारचा बुद्धिबळाचा पट घ्या. हत्ती एका चालीत जिथे जाऊ शकतो ती घरे एकमेकांना जोडलेली समजा. प्रत्येक घर सहा घरांना जोडले जाते आणि कोणत्याही दोन घरांचे सामाईक शेजारी दोनच असतात. पट दुसऱ्या कोणत्याही आकाराचा असता, तर अशा आकड्यांवरून जाळे एकमेव ठरले असते. फक्त चारच्या पटाला त्याच आकड्यांचे आणखी एक, वेगळे जाळे असते. ते श्रीखंडे यांनी शोधले. जगभरच्या आलेखशास्त्राच्या पुस्तकांत ते ‘श्रीखंडे आलेख’ या नावाने छापले जाते.

नागपूरच्या पुढे, अकोल्याच्या शेतात

१९६० मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले, आणि १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात नव्याने सुरू झालेल्या गणित विभागाचे प्रमुख झाले. १९७८ पर्यंत ते तिथे होते. त्यांच्या काळात हा विभाग देशातल्या प्रगत अभ्यासकेंद्रांपैकी एक बनला. नवीन सिंघी आणि वासंती भट-नायक हे त्यांचे विद्यार्थी पुढे संयोजन गणितात नावारूपाला आले. मुलगा मोहन श्रीखंडे अमेरिकेत याच विषयाचे प्राध्यापक झाले. निवृत्तीनंतर १९८३ ते १९८६ या काळात शरच्चंद्र श्रीखंडे अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालक होते. आजची हरिश्चंद्र संशोधन संस्था ती हीच. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या गणिताचे वऱ्हाडाशी असलेले नाते मात्र नोकरीच्या ठिकाणांपेक्षा जुने आणि टिकाऊ आहे. अकोल्याला २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांवर कापूस, ज्वारी, तूर यांचे वाण आखणीबद्ध प्रयोगांतूनच पारखले जातात. ‘पीकेव्ही रजत’सारखा वाण शेतकऱ्याच्या हाती पडतो, त्याआधी तो कितीतरी तुकड्यांत, कितीतरी हंगामांत दुसऱ्या वाणांशेजारी उभा राहिलेला असतो. बहुतेक वेळा यादृच्छिक गटांची सोपी आखणी पुरते. जमिनीचा कस दोन्ही दिशांनी बदलत असेल तेव्हा लॅटिन चौरस कामी येतो. वाण खूप आणि जागा थोडी असेल तेव्हा अपूर्ण गटांची ती आखणी लागते, जिच्या शक्य-अशक्याचे नियम श्रीखंडे शोधत होते. १९०६ मध्ये नागपुरात शेजारी-शेजारी उभ्या राहिलेल्या विज्ञान आणि कृषी महाविद्यालयांची गाठ पडते ती इथे.

१ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने चालते. अमरावती, अकोला, खामगाव, यवतमाळ इथल्या विज्ञान महाविद्यालयांतून दरवर्षी गणिताचे पदवीधर बाहेर पडतात. आता बडनेऱ्याच्या फलाटावर ट्रंक आणण्याची गरज उरलेली नाही. या संस्थांनी आपल्या पूर्वजांकडून काय घ्यावे, हे मात्र नागपूरच्या इतिहासातून स्पष्ट दिसते. श्रीखंडे यांच्या आयुष्यात तीन गोष्टी वेळेवर जुळल्या : शिकवणारे महाविद्यालय, त्या महाविद्यालयातून उठून दूर जाऊन शिकण्याची संधी, आणि परतल्यावर काम चालू ठेवता येईल अशी जागा. यांतली एकही गोष्ट महागड्या प्रयोगशाळेची नव्हती. बावीसचा प्रश्न कागद-पेन्सिलीने सुटला.

दहाच्या चौरसाची गोष्ट अजून संपलेली नाही. दोन जुळणारे चौरस मिळाले, पण दहा आकाराचे तीन चौरस असे मिळतील का, की त्यांतले कोणतेही दोन एकमेकांशी जुळतील? याचे उत्तर आजही कोणाला सापडलेले नाही. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना, विशेषतः वऱ्हाडातल्या महाविद्यालयांत गणित शिकवणाऱ्यांना एक विनंती. आपल्या विभागाच्या भिंतीवर दहा बाय दहाचा चौरस लावा आणि त्याखाली श्रीखंडे यांचे नाव लिहा. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून कर्कमनच्या पंधरा मुली आणि सात वार कागदावर मांडून घ्या. आणि जो मुलगा किंवा जी मुलगी तिसऱ्या चौरसाबद्दल विचारील, तिच्यासाठी ग्रंथालयाचे दार संध्याकाळी तासभर जास्त उघडे ठेवा.